रस-आमलेट

रविवारी दुपारी पुन्हा लागला तो पिक्चर.
पप्पा खुर्ची ओढून बसले,
उजवा हात मांडीवर, सवयीनं पालथा.
वास्कोत आमच्या खिडक्या बंदच असतात,
नाहीतर बंदरावरचा कोळसा पडद्यांत येऊन बसतो.
टीव्हीतलं वास्को मात्र सोनेरी होतं,
संध्याकाळ संपतच नव्हती तिथली.

तो देखणा. खून करतो, पण आधी डोळे मिटतो.
आईची औषधं वेळेवर आणतो,
पोदेराकडून पाव घेतो, सुटे पैसे परत घेत नाही.
तो जिना चढतो तेव्हा व्हायोलिन वाजतं.
दम आम्हालाही लागतो जिना चढताना,
पप्पांना तर फार.

खोटं नाही त्यात काही, हेच तर.
शाणूही असाच होता.
मी सात वर्षांचा, गाड्याखाली बसून
कांद्याच्या साली गोळा करत होतो.
तो बाकावर बसला, रस-आमलेट मागितलं,
वर आणखी एक पळी रस,
म्हणाला, "भिकू, तुज्या हाताक रूच आसा."
पावानं पुसून पुसून ताटली लख्ख केली.
मला चॉकलेट दिलं, लाल कागदातलं,
गालाला हात लावला.
मग हात धुतले.
मग पप्पांना म्हणाला, हात फळीवर ठेव.
ठेव म्हणाला, हं. धरला नाही कुणी.
वरवंटा आमचाच होता, मसाल्याचा.
तीन आठवड्यांचे एकशे ऐंशी रुपये.
जाता जाता त्यानं अंड्यांचा ट्रे
बोटानं ढकलला, जसं कुणी मांजर बाजूला करतं.

चॉकलेट मी नंतर खाल्लं,
चिखलीच्या हॉस्पिटलात, बाकावर.
चांगलं लागलं.
सांगितलं नाही कुणाला आजवर.

पिक्चरमध्येही आहे एक गाडा.
मोटार वळते, गाडा उलटतो,
अंडी रस्त्यावर,
गाडेकार डोक्याला हात लावतो.
चार सेकंदं. मोजलीत मी.
थिएटरात पाहिला तेव्हा लोक इथं हसले होते,
मीही हसलो असेन, मित्र होते सोबत.
आणि शेवटी तो समुद्राकडे तोंड करून मेला
तेव्हा रडलोही, अंधारात, कुणाला न कळता.

फुटक्या अंड्यांचा वास उन्हात जाता जात नाही.
राख टाकावी लागते, खराट्यानं घासावं लागतं,
कुत्री येतात, माश्या येतात,
आई लुगडं खोचून बादल्यांवर बादल्या ओतते,
आणि कडेनं जाणारे लोक चपला उचलून चालतात.
कॅमेरा तोवर मोटारीबरोबर पुढं गेलेला असतो.
त्याला वाऱ्यावर उडणारे केस घ्यायचे असतात.

आज शेवट आला.
तो खडकाला टेकून, शर्ट लाल,
व्हायोलिन वर, आणखी वर.
पप्पांनी डाव्या हातानं डोळे पुसले.
"बरो मनीस आसलो रे," म्हणाले.
मी बोलणार होतो काहीतरी,
वरवंट्याचं, एकशे ऐंशीचं,
एकोणतीस वर्षं बटण न लावणाऱ्या बोटांचं.
पण माझाच घसा भरून आला होता
त्या खडकावरच्यासाठी.

नावं सरकू लागली. इंग्रजी, बारीक, भराभर.
पप्पा उठले नाहीत.
पुढं वाकून वाचत राहिले, ओठ हलवत.
"त्या गाडेकाराचें मागीर कितें जालें?"
म्हटलं, पुढचं नाही दाखवलं त्याचं.
"ना?"
"ना."

चॅनेलनं नावं मध्येच तोडली,
फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात आली.
मी रिमोट शोधत होतो.
"दोन ट्रे आसले," पप्पा म्हणाले.
"साठ."