एसी बंद करून

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर,
शुक्रवारची जेवणं आटोपली की
रेग्यांच्या हॉलमधला एसी बंद होतो.
ऑगस्टात. बाहेर चव्वेचाळीस, आणि वर दमट.
दुसऱ्या भागात व्हायोलिन इतकं हळू बोलतं
की एसीपुढे त्याचं काही चालत नाही.
अकरा मिनिटं. तेवढं सोसतो आम्ही.

तबकडी जुनी, मोनो.
मनामाच्या सूकमागे, घर मोडून गेलेल्या कुणाच्या सामानात
रेग्यांना सापडली: एक इस्त्री, दोन सुटकेसी आणि ही.
वाजवणारीचं नाव कुणालाच धड उच्चारता येत नाही.
म्हणून ती नुसती 'बाई'.

रेगे म्हणतात, बाईला माइकच्या फार जवळ उभं केलंय.
गज उलटताना केसांची खरखर येते,
आणि ऑर्केस्ट्रा पार मागे, शेजारच्या गल्लीतल्या लग्नासारखा.

"जवळ आहे म्हणून तर श्वास ऐकू येतो,"
हेमांगीताई सलमानियाच्या आयसीयूत रात्रपाळी करतात,
श्वासाबद्दल त्यांच्याशी कोण वाद घालणार?
"वरच्या सुराला हात घालण्याआधी घेते बघा,
विहिरीत सूर मारणारी पोरं घेतात तसा."

धाकटा सामंत हिचीच साफ केलेली प्रत घेऊन आला,
खरखर काढलेली.
ऐकली. खरखर गेली होती,
तिच्याबरोबर खोलीही गेली होती.
बाई धुऊन दोरीवर वाळत घातल्यासारखी.
सामंताला अजून तीच आवडते. आवडो.

मला विचाराल तर
पहिले तीन शुक्रवार मी मान कुठे हलवायची तेच शोधत होतो.
सम येतच नाही.
येणार येणार वाटतं, आणि बाई दुसऱ्याच जिन्याने उतरून जाते.

ऑर्लांडो काही बोलत नाही.
तो जुफेरच्या हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवतो.
त्याची डावी बोटं गुडघ्यावर चालू असतात,
फक्त एका जागी थांबतात.
"इथे ती जरा उशिरा पोचते," एकदा म्हणाला,
"मी पण उशिराच पोचतो. पण तेव्हा लोक सूप पीत असतात."

आणि परकार.
दाभोळ खाडीकाठचा माणूस, हिद्दला
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पंपांवर एकतीस वर्षं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
कुठला पंप महिन्याभरात बसणार, ते तो सांगतो.
पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला,
"मागे घरघर आहे. पन्नास सायकलची."
रेग्यांना आपल्या ॲम्प्लिफायरचा अपमान वाटला.
"सुई उचला," परकार म्हणाला. उचलली. घरघर नाही.
ठेवली. आहे.
ऑर्लांडोने पेटी उघडून तार छेडली,
"जीच्या किंचित वर. खूप खालचा जी."
म्हणजे बाईच्या पायाखाली हा एक सूर
इतके दिवस विनापरवाना राहत होता.

गेल्या शुक्रवारी पुन्हा लावली.
घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.
सातव्या मिनिटाला, बाई अगदी धाग्याएवढी झाली तेव्हा,
परकारने बोट वर केलं.
"गेली."
काय गेलं?
"घरघर. कुणीतरी बटण बंद केलं. हीटर असेल.
तिकडे थंडी असणार."

कुणी काही बोललं नाही.
कुठल्या गावात, कुठल्या सालात,
ओव्हरकोट घातलेली चाळीसेक माणसं,
वाजवणाऱ्यांची बोटं आखडलेली,
आणि भिंतीपाशी एकजण, बटणावर हात ठेवून,
तिची शेवटची ओळ संपायची वाट बघत.

ती संपली. सुई कडेला जाऊन टकटकत राहिली.
"लावा आता," ताई म्हणाल्या.
रिमोट रेग्यांच्या हातात होता.
बराच वेळ नुसता हातात होता.

मग म्हणाले,
"तरी माइक जवळच आहे."