धुराची नोंद

यंत्र आलं ते फेरीबोटीतून,
वाऱ्याने दोन दिवस पलीकडच्या धक्क्यावर अडवून धरल्यावर.
दारातून मावेना, म्हणून पश्चिमेची भिंत पाडली.
सांतियागोचा इंजिनियर म्हणाला, जपून हं,
याची किंमत तुमच्या अख्ख्या इस्पितळाहून जास्त.
आम्ही अठरा जण होतो. हसलो.
चिलोएच्या या बेटावर लोक बैल जुंपून
राहतं घर ओढत नेतात या टेकडीवरून त्या टेकडीवर.
हे तर नुसतं कडं, पांढरं, गुळगुळीत,
सुईत दोरा तसा आत माणूस ओवायचा.

मी रोसामेल नावेलकिन.
एकतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या.
फिक्सरचा आंबट वास बोटांना होता,
तो लग्नाच्या रात्रीही गेला नव्हता.
लाल दिव्याखाली ट्रेमधून बरगड्या हळूहळू वर यायच्या,
ओहोटीला जुन्या होड्यांचे सांगाडे दिसावेत तशा.
त्या ट्रेमध्ये आता मी खिळे ठेवतो.

आता सात सेकंद.
श्वास घ्या, धरा, सोडा,
की छातीचे तीनशे काप पडद्यावर.
आणि सोबत ते सॉफ्टवेअर, स्वतःच बघणारं,
संशय आला तिथे लाल वर्तुळ काढणारं.
त्याला डुलकी नाही, शुक्रवारची घाई नाही.

पहिल्याच आठवड्यात दोन्या क्लोरिंदाच्या फुप्फुसांवर
गोवर उठावा तशी अकरा वर्तुळं.
तिच्या जावेच्या नऊ.
खाली बाकावर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून
किती, ते मी मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टर एडेलमिरा बार्रिया यांनी फोन लावला.
हे शिकलं कुठे?
लाखो छात्यांवर, इंजिनियर म्हणाला,
कोरियातल्या, जर्मनीतल्या, मोठमोठ्या शहरांतल्या.
त्यातल्या किती जणींनी
ओल्या लाकडाच्या चुलीपुढे सत्तर वर्षं फुंकर घातली?
पलीकडे नुसती खरखर.
वारा असेल. आमच्याकडे असतोच.

त्या रात्री त्या बसल्या डोळ्यांत तेल घालून.
एकेक वर्तुळ पुसायचं, शेजारी लिहायचं :
धूर.
धूर.
भाकरीचा धूर.
टांगलेल्या माशांचा धूर.
हे शेवटचे दोन प्रकार नियमात बसत नव्हते,
पण रात्रीचे दोन वाजले होते, आणि माते गरम होता.

मग उबेलिंदा चिग्वाय. वय बावन्न.
एकच वर्तुळ, तांदळाच्या दाण्याएवढं.
पुसलं. लिहिलं, धूर.
पुढची छाती उघडली.

मी किटली उचलली होती. तशीच खाली ठेवली.
डॉक्टर, म्हटलं, उबेलिंदाकडे चूल नाही.
वीस वर्षं ती साल्मनच्या कारखान्यात, भाड्याच्या खोलीत.
गॅसची टाकी मीच पोचवतो, महिन्याच्या पाच तारखेला.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.
पुसलेलं परत आणायची कळ कुठली, रोसामेल?
मला माहीत होती. अंधाऱ्या खोलीत तशी कळ नव्हती.
दाणा परत आला, आपल्या लाल कुंपणासकट.
यंत्राने काही म्हटलं नाही.
खरं ठरलं तरी ते काही म्हणत नाही.

सकाळच्या बोटीने उबेलिंदा पुएर्तो मोंतला गेली,
मांडीवर पिशवी, पिशवीत डिस्क,
आणि डिस्क भिजू नये म्हणून तिच्यावर लोकरीची टोपी.
अजून काही कळलेलं नाही.

आमच्या फॉर्मवर रकाने आहेत : वय, वजन, गरोदर आहात का,
अंगात धातू आहे का.
मी पट्टी घेऊन पेन्सिलीने आणखी एक आखला.
पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट अजून ओलं आहे,
त्याला टेकू नका असं सांगून
मी पहिल्या बाईला आत घेतलं,
आणि वजनाआधी विचारलं,
घरी लाकूड कुठलं जाळता?

तेपू, ती म्हणाली.
वाळलेलं असलं तर शहाणं असतं.