शेवटच्यापासून

पाद्रीबुवा म्हणाले, मळा म्हणजे स्वर्गाचं राज्य,
मालक म्हणजे देव,
आणि पाच वाजता आलेले ते आपण सगळे.
मेणबत्त्या तडतडल्या. नाझिब्रोलानं क्रुसाची खूण केली.
मागच्या खांबाला टेकून मी आपला विचार करत होतो
की त्या गोष्टीत एक मुकादमही आहे.

एकाच ओळीपुरता. त्याला नाव नाही.
मालक सांगतो, मजुरांना बोलाव, मजुरी दे,
शेवटच्यापासून सुरुवात कर.
तो देतो. गोष्ट पुढे जाते.
त्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही.

अलाझानीच्या या काठावर अकरा हंगाम
मी तेच करतो : वही, पेन्सिल, पत्र्याची पेटी.
म्हणून "शेवटच्यापासून" या शब्दाला अडतो.
पहाटे आलेल्यांना आधी दिले असते
तर ठरलेले पैसे खिशात घालून
ते शीळ घालत घरी गेले असते.
कुरकुर नाही, प्रश्न नाही, गोष्टही नाही.
कुठलाही शहाणा मुकादम असंच करेल.
म्हणजे मालकाला ते त्यांना दाखवायचंच होतं.
का, ते पाद्रीबुवांनी सांगितलं नाही.

रविवारी प्रवचन झालं. गुरुवारी संध्याकाळी
नाझिब्रोला शेडमध्ये आली,
हात कोपरापर्यंत सापेरावीनं जांभळे.
"सगळ्यांना साठ लारी. शेवटच्यापासून."
मी म्हटलं, बाई, गोष्ट ती गोष्ट.
म्हणाली, "पेटी उघड."

शेवटचा म्हणजे ओतिआ.
उजव्या हाताला दोनच बोटं.
पाच वाजता नाक्यावरून मीच त्याला आणला,
दयाबिया काही नाही, टोपल्या उतरवायला माणूस हवा होता.
वेलींची एक रांगही त्यानं पुरी केली नाही.
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि माझ्याकडं असं पाहिलं
जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

जुंबेर पहाटेपासून होता. अठ्ठेचाळीस टोपल्या.
तो काही बोलला नाही.
नोट दिव्यासमोर धरून खरी आहे का बघितली.
साठ त्यानंच कबूल केले होते,
पण ते आता साठ राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवसाबद्दल गोष्ट गप्प आहे.
मी सांगतो. पहाटे फाटकावर कोणी नव्हतं.
दंवानं भिजलेल्या कात्र्या, रिकाम्या टोपल्या, कुत्रं,
डोंगरावर गारांचा ढग,
जमिनीत पुरलेले रांजण तोंड उघडून वाट बघत,
आणि वेलीत एकटीच वाकलेली मालकीण.
मनात म्हटलं, मुकादमाचं ऐकायचं असतं.

नऊला दोघं आले, हसत. दहाला चौघी.
जुंबेर बाराला, मुद्दाम, हात खिशात घालून.
"आज मी शेवटचा."

पाचला टोपल्या आणायला गेलो
तर ओतिआ तिथंच, नाक्यावरच्या नळाशेजारी.
काल नेलं म्हणून आज आपण होऊन यायचं,
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

जुंबेरनं विचारलं, "दिवसभर कुठं होतास?"
"नाक्यावर."
"बसून?"
"छे, उभा. बसलेल्याला कोणी नेत नाही."

जुंबेर बराच वेळ कात्रीची धार बघत राहिला.
मग आपली टोपली त्यानं ओतिआच्या रांगेत सरकवली.
त्याचा अर्थ मी लावणार नाही,
कदाचित तिकडं द्राक्षं जास्त असतील.

माझ्या वहीत तासांचा एक रकाना आहे.
ओतिआपुढं मी लिहिलं, पाच ते सहा.
खोडलं. पहाट ते पाच लिहिलं.
तेही खोडलं.
नाझिब्रोला दारात उभी होती.
"कोणापासून?" मी विचारलं.
पत्र्यावर गारा सुरू झाल्या होत्या.
तिला ऐकू गेलं नसावं.