प्रश्न क्रमांक चौदा

धनकवडीची शाळा, नववी 'क'.
एका बाकावर दोघं, मध्ये दप्तरांची भिंत.
मी सांगते, नाव लिहू नका, हजेरी क्रमांकही नको,
कुणालाही कळणार नाही.
मागे बोंद्रे सर उभे आहेत, हाताची घडी घालून.
त्यांना प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं.

चौदावा प्रश्न माझा.
'तिरफीन कधी घेतलं आहे का?'
तिरफीन नावाचं जगात काहीच नाही.
त्या दिवशी डब्यात तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण होतं,
त्यावरून सुचलं.
खोटं बोलणारे सापडावेत म्हणून
आपणच आधी एक खोटं पेरायचं,
अशी पद्धत आहे.

रात्री सिंहगड रोडच्या ऑफिसात गठ्ठे सोडते.
एकशे बारा फॉर्म. सात जणांनी तिरफीन घेतलंय.
एकाने तर 'रोज'.
एकाने समासात लिहिलंय, भारी असतं पण महाग.
मला हसू येतं. मग नियमाप्रमाणे
सातही बाजूला, लाल रबर लावून.

चाचणी आधी घरीच केली होती, ओजसवर.
त्याने पेन उचललं, माझ्याकडे बघितलं,
'तुला कुठलं उत्तर हवंय?'
मला कढीला फोडणी द्यायची होती.

उरलेले बहुतेक
नाही, नाही, नाही, नाही,
वरपासून खालपर्यंत हात न उचलता केलेल्या खुणा,
सोसायटीच्या नोटिशीवर आपण सही करतो तशा.
यांना विश्वासार्ह म्हणतात.

एक मात्र.
प्रश्न नववा, व्हाइटनर हुंगण्याचा.
आधी 'हो'वर खूण. मग खोडलेली.
खोडलीय
व्हाइटनरनेच.
पेनं आम्ही वाटली होती, निळी.
व्हाइटनर आम्ही दिलं नव्हतं.

फुगीर पांढरा ठिपका,
नखाने टोकरला तर निघेल.
खाली 'हो'. शेजारी नवी, नीट काढलेली 'नाही'.
मी फॉर्म नाकाशी नेते,
आणि पटकन मागे वळून बघते, कुणी पाहिलं का.
वास राहिलेला नाही.

संगणकात दोनच घरं, आणि तिसरं नव्याण्णव.
साडेदहा वाजलेत, वॉचमन किल्ल्या वाजवतोय.
नव्याण्णव टाकते.
नव्याण्णव म्हणजे, उत्तर दिलेले नाही.
त्याने तर दोनदा दिलं होतं.