ऐवजदार

पारडी नाक्यावर आता नाका नाही.
कंडक्टर ओरडतो 'नाका, नाका',
लोक उतरतात.
ज्या खिडकीतून गजभियेकाका पावती फाडायचे
तिथं एक पोट्टा मोबाइलच्या काचा बदलून देतो.

रात्री अडीचला ट्रकांची रांग कापसीपर्यंत.
गुळाच्या ढेपा मोजता मोजता बोटं चिकट व्हायची,
काका सांगतात,
आणि काहींची गूळ नसतानाही.
पण सकाळी पेटी महापालिकेत पोचायची.
शहर आपलं आपण कमवायचं,
चोरायचं तेही आपलंच.

मग जकात गेली. एलबीटी आला, तोही गेला.
मग संविधानात एका अनुच्छेदाच्या आकड्यामागे
'क' चिकटला
आणि देश एक बाजार झाला.
वाईट झालं असं मी म्हणत नाही.
मी लेखा विभागात बसते, ट्रक थांबला की काय जळतं
मला कळतं.

माझ्या रजिस्टरात एक रकाना आहे:
नुकसानभरपाई अनुदान.
पाच तारखेला मुंबईहून.
कधी बारा. कधी 'प्रस्तावित'.
तोवर कंत्राटदाराला चहा पाजायचा,
आणि एक ओळ पेनाऐवजी पेन्सिलीनं लिहायची:
ऐवजदारांचा पगार.

माझी आई, पंचफुला, अठरा वर्षं ऐवजदार.
किती श्रीमंत शब्द!
लहानपणी वाटायचं, आमच्या पेटीत काही ऐवज असेल.
पेटीत हजेरीची कार्डं होती
आणि नववीत मला बक्षीस मिळालेलं संविधान.
जुनी प्रत. तिच्यात तो 'क' नाही.

ऐवजदार म्हणजे कुणाच्या तरी ऐवजी.
कायम माणूस आला नाही, तर तू.
पुढे कायम माणसं निवृत्त झाली,
'ऐवजी' तेवढं उरलं.

काल दहाचा बिस्किटपुडा आणला.
किमतीखाली बारीक अक्षरात: सर्व करांसह.
धरमपेठेत जिच्या फाटकासमोर आई झाडते
ती बाईही एवढाच भरते, पैशाचा फरक नाही.
"म्हंजे बरोबरीचे झालो आपन,"
आई म्हणाली, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

"काहून गं, आलं का तुमचं?"
नाही, म्हटलं. मुंबईहून यायचंय.
ती बघत राहिली. बिस्किटाचा तुकडा
कपात पडला, तिनं बोटानं काढला.
"हाव बाप्पा,
म्हंजे तुमची महापालिका भी ऐवजदारच."

सकाळी साडेपाचला ती झाडू घेऊन निघाली.
मी दहाला रजिस्टर उघडलं,
पेन्सिलीला टोक केलं.