शिंपल्याला नको

म्हापशाच्या बाजारात पाच लिटरचा डबा उचलला
तर दुकानदार म्हणाला, केवढं लोणचं घालतेस गो?
म्हटलं, लोणचं नाही, नळ.

हळदोण्यात नऊ घरं माझ्याकडे.
अकराला जुने पाहुणे निघतात, दोनला नवे येतात.
मधल्या तीन तासांत
कुणी इथे कधी राहिलंच नव्हतं
असं दाखवायचं असतं.

बोअरचं पाणी. किटलीच्या बुडाला पांढरी खपली.
अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, एक उकळी,
मग निवू द्यायचं.
नखाने खरवडायचं नाही.
जखमेची खपली सुटते तशी सुटते, आपणहून.
शॉवरच्या तोंडाला पिशवी बांधायची व्हिनेगरची,
म्हशीच्या तोंडाला मुसकी बांधतात तशी.
फ्रिजात वाटीभर, बांगड्याच्या वासावर.
ब्लीचच्या जवळपासही नाही.
एकदा चुकले होते, आठ दिवस खोकले.
काचेवर व्हिनेगर आणि वर्तमानपत्र;
निधनाच्या पानाने काच सगळ्यात लख्ख निघते,
का ते मला माहीत नाही.

घरी नवरा म्हणायचा, आधी हात धू.
धुतले, तरी जेवताना पाट जरा लांब ओढायचा.
त्याचा टिपर होता खाणीवर.
खाण बंद झाली, टिपर तीन पावसाळे दारात उभा,
मग भंगारवाला आला.
त्या रात्री माझ्या डब्यातलं दोन पेले व्हिनेगर घेऊन
त्याने मूठभर गंजके नटबोल्ट त्यात बुडवून ठेवले.
सकाळी नव्यासारखे चकचकीत.
पायरीवर बसून एकेक नट
बोल्टावर फिरवत राहिला,
घट्ट करायचा, परत सैल.
मी काही बोलले नाही. बस पकडायची होती.

एस्पेरांसाबायचं घर नववं. नवीन मिळालेलं.
खिडक्यांना काच नाही, शिंपल्याची तावदानं,
तळहाताएवढी, ओळीने बसवलेली.
मी आपली सवयीने फवारा मारला.
बारीक आवाज आला, सुंऽऽ,
तव्यावर थेंब पडावा तसा, पण गार.
फेस आला.
पुसलं, तर शिंपल्याची चकाकी फडक्यात,
आणि जागेवर एक ढग,
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा.

बाय आली. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, काच मुकी असते.
हा समुद्रातून आलाय,
ह्याला आंबट लावलं की हा बोलतो.
मग स्वतः बादली आणली, साधं पाणी,
आणि ओळीतले बाकीचे शिंपले
आम्ही दोघींनी धुतले, तिने वरचे, मी खालचे.

मजुरीतून दीडशे कापले.
आणि निघताना हातात डबा दिला,
रेशाद भरलेले दोन बांगडे.
त्यात माडाचं व्हिनेगर, तिच्या रेंदेराने दिलेलं,
तपकिरी, बरणीच्या तळाशी गाळ असलेलं.
तुझं ते पांढरं भिंतींसाठी, म्हणाली,
हे माणसांसाठी.

सांखळीला पोचेस्तोवर काळोख.
नवऱ्याने डबा उघडला, हुंगला, दोन्ही बांगडे तळले.
जेवताना पाट होता तिथेच होता.
मध्येच माझा हात धरून नाकाशी नेला,
म्हणाला, आज जेवणाचा वास येतोय.
मी म्हटलं, दीडशेचा आहे.

रात्री फवाऱ्याच्या बाटलीला चिकटपट्टी लावली,
मुलीच्या पेनाने वर लिहिलं: शिंपल्याला नको.
तिने विचारलं, एवढंच?
खाली लिहिलं: संगमरवराला नको.
मग: बायच्या पितळी समईला विचारल्याशिवाय नको.

शुक्रवारपर्यंत बाटली ठिबकून शाई पसरली.
आता तीन ओळींत मिळून
एकच शब्द धड वाचता येतो.
तो ढग अजून आहे,
दुपारी दोनच्या सुमाराला त्यातून
दुधाळ उजेड येतो, लादीवर, रुपयाएवढा.
पाहुण्यांना वाटतं लादीवर डाग आहे.
परवा एकीने मला बोलावून दाखवला,
मी वाकले, फडकं फिरवलं,
आणि म्हटलं, जाईल.