कपाचं बूड

डिसेंबर, स्टोक-ऑन-ट्रेंट. चारलाच काळोख.
प्रयोगशाळा म्हणजे बिनखिडकीची खोली,
खुर्ची, पडदा, आणि पडद्याखाली एक यंत्र
जे डोळ्याच्या बाहुलीमागे धावतं
सेकंदाला साठ वेळा.
माझा प्रश्न साधा, अनुदान मिळण्याइतका साधा:
फोनवर सरकत जाणाऱ्या जाहिरातीत
माणूस आधी काय बघतो,
आणि बघितलेलं घेतो का.

चाळीस जणांनी शहाण्यासारखं बघितलं.
लाल डाग: चेहरा, चेहरा, पन्नास टक्के सूट.
मार्गदर्शक डॉ. हॅवर्ड खूश.

एक्केचाळिसाव्या बाई लाँगटनहून बसने आल्या,
ओला कोट मांडीवर घेऊन बसल्या.
वय एकाहत्तर. नाव मला माहीत आहे,
इथे घालता येत नाही,
नीतिसमितीला तसं लिहून दिलंय.
मला ‘डक’ म्हणाल्या. इथे सगळेच म्हणतात;
पहिल्या वर्षी मी आरशात मान तपासली होती.

सहावी जाहिरात: पांढरा कप, सोनेरी काठ,
तो ओठांशी नेणारी कुणी हसरी मुलगी,
चौऱ्याऐंशी हजार बदाम.
बाईंनी बदाम मोजले नाहीत.
मान तिरकी केली, आणखी तिरकी,
मग बाजेखाली ढेकूण शोधावेत तशा
खाली वाकून पडद्याच्या बुडातून वर बघू लागल्या.

यंत्र म्हणालं, नजर हरवली.
नजर हरवली.
नजर हरवली.

“काय शोधताय?”
“शिक्का. बुडाला असतो.
आणि हा काठ हाताचा नाही, डक.
हाताचा असता तर कानापाशी रेघ जरा जाड झाली असती.
तिथे श्वास सोडतो आम्ही.”

एकतीस वर्षं, फिरत्या चाकाशी श्वास धरून
कपांना सोनं लावलं. डझनावर पैसे.
आपला माल आपल्याला ओळखू यावा म्हणून
प्रत्येकीची बुडाशी खूण. यांची तीन टिंबं.
कारखाना होता तिथे आता गोदाम आहे;
या जाहिरातींतले खोके तिथूनच सुटतात,
नातू टेप लावतो.

माझ्या प्रश्नावलीत याला चौकोन नव्हता.
“विकत घ्याल? एक ते सात?”
“उलटा करून दाखव, मग सांगते.”

तक्ता ४.३. सहभागी एकोणसाठ.
तळटीप: एक नोंद वगळली, डेटा अपुरा.

त्या रात्री ओट्यावरचा स्टीलचा पेला
पहिल्यांदाच दिव्याजवळ धरून वाचला.
आत्याने निघताना बॅगेत कोंबलेला, मोज्यांत गुंडाळून.
टिंबाटिंबांनी ठोकलेलं:
सौ. इंदुमती व. खांबेटे, ९-५-७१.
‘दं’ लिहिताना भांडीवाल्याचा हात घसरलाय,
अनुस्वार जास्तीचा.
कुणी सूट दिली म्हणून नाही आणलेला हा.
कशामुळे आणला, माझ्या सिद्धान्तात बसत नाही.

आता कॅन्टीनमध्ये कप हातात आला की उलटा करते.
एकदा आधी प्यायची विसरले,
चहा हॅवर्डसाहेबांच्या कागदांवर.
बुडाला लिहिलं होतं, डिशवॉशरमध्ये चालेल.
टिंब एकही नव्हतं.
शेजारचाही बघितला.